अमेरिकेच्या न्यायाधीशीणबाई कुरणवाडीत

या, असे पुढं सरका. मागं भिंतीला पाठ लावून बसलेल्यांनीही उठून या; देवाच्या दारात अंतर ठेवून बसू नये, आणि गोष्ट तर लांबून ऐकूच नये. बुवांचं पागोटं अजून बांधून व्हायचंय, पेटीवाला सूर धरतोय. तेवढ्यात ऐका एका न्यायाधीशीणबाईंची हकिगत. या बाई अमेरिकेत होऊन गेल्या आणि पुढं आपल्या चाकणच्या अंगाला, कुरणवाडीत, सुपारी होऊन बसल्या. हसू नका आत्ताच. हसायची जागा पुढं आहे.

एकोणीसशे एकोणसाठ सालचा मार्गशीर्ष. कुरणवाडीतल्या कुशाबाईच्या घरामागं वाफ्यात कांद्याचं रोप वीतभर वाढून डोलत होतं, आणि कुशाबाई रोज उठून दिवस मोजत होती. लागण लांबली की रोप जून होतं, जून रोपाला कांदा धरत नाही. लावायचं तर विहिरीकाठच्या रानात. नवरा गेल्यावर तेवढंच रान तिच्या वाट्याला आलं होतं. काळी माती, बारमाही पाणी. पण तिथं जायची गाडीवाट धाकट्या दिराच्या, मालोजीच्या, रानातून. आणि मालोजीनं त्या वाटेच्या तोंडाला बाभळीच्या फांद्या रचून कुंपण केलं होतं.

का, ते साऱ्या वाडीला ठाऊक होतं. वहिनीचं रान एखाददोन हंगाम पडीक राहिलं की ती आपणहून म्हणेल, भावजी, तुम्हीच करा, मला काय द्यायचं ते द्या. कुशाबाई ओढ्यातून पदर खोचून रानात जाऊन यायची, पण बैल कसे न्यायचे? मोट कशी धरायची? रोज ती रिकामं रान बघून यायची आणि रोपाशी येऊन बसायची. रोप काही बोलायचं नाही, नुसतं वाढायचं.

त्याच सुमाराला गावोगाव न्यायपंचायती निघणार अशी बातमी आली. तालुक्याहून हुकूम यायचा होता, पण कुरणवाडीला दम कुठला! मारुतराव पाटलांनी, हात बसावा म्हणून, हुकमाच्या आधीच चार पंच नेमून टाकले. घोडं अडलं पाचव्यावर. पाचवा भावकीबाहेरचा पाहिजे, असं सगळ्यांचं म्हणणं. आणि सबंध वाडी एकाच भावकीची. जे भावकीतले नव्हते ते जावई होते. एकानं चऱ्होलीचा कासार सुचवला, तर तोही कुणाच्या तरी मावशीचा मानलेला भाऊ निघाला. पाचवी जागा रिकामी ती रिकामीच.

अशात दत्तजयंती आली आणि सोपानबुवा कीर्तनाला उभे राहिले.

सोपानबुवांचं कीर्तन ज्यांनी ऐकलं त्यांच्या कानांचं सोनं झालं. आवाज असा की समईची ज्योतही मान वळवून ऐकेल. पूर्वरंगात त्यांनी समदृष्टी लावून धरली: देवाला आपला कोण, परका कोण. माळ घालून घेतली, बुक्का लागला, आणि उत्तररंगात सगळे आता हरिश्चंद्राची वाट बघताहेत तोवर बुवा थेट अमेरिकेत उतरले.

"पुण्याला एका वकीलसाहेबांच्या घरी पंगतीला बसलो होतो," बुवा म्हणाले. "वकिलीणबाईंनी ही कथा सांगितली. नावही सांगितलं होतं हो, पण नेमकी तेव्हाच आमटी वाढायला आली आणि नाव तिच्यात वाहून गेलं. तर मंडळी, डोंगरातलं सोन्याच्या खाणीचं गाव. नव्वद वर्षांमागची गोष्ट. तिथल्या कायद्यानं बायकांना मत दिलं. आधीच्या न्यायाधीशाला त्याचा असा राग आला की त्यानं खुर्चीच सोडली! मग खुर्चीवर बसवलं कुणाला? पन्नाशी उलटलेल्या एका बाईला! ना कायद्याची शाळा, ना कॉलेज!"

झांज वाजली. बायकांच्या बाजूला एकदम जाग आली.

"आधीचा न्यायाधीश म्हणाला, दप्तर देणार नाही. पहिला खटला त्याच्यावरच. तक्रार कुणाची? बाईंची. निकाल देणार कोण? बाईच! सारं गाव म्हणालं, आता हा सापडला. आणि बाई काय म्हणाल्या?" बुवांनी चिपळी वर धरली. "म्हणाल्या, या भांडणात मीच गुंतलेय, मला याचा निवाडा करता यायचा नाही. खटला काढून टाकला! ठेव तुझं दप्तर तुझ्यापाशी, मी कोरं घेते! ही समदृष्टी, मायबाप!"

पुढं नवऱ्यानं कोर्टात दंगा केला म्हणून बाईंनी त्यालाही कोठडी दाखवली, असं सांगतात, हेही बुवांनी सांगितलं. तेव्हा बायका तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की आरतीला उशीर झाला. कुशाबाई मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढं ती डोंगरातली बाई उभी होती, पदर खोचलेली. बाईला अमेरिकेत पदर नसतो, हे कुशाबाईला कुणी सांगितलं नव्हतं.

बायकांच्या पलीकडं, खांबाशी, मालोजीही हसत नव्हता. तो विचार करत होता.

दुसऱ्या दिवशी पारावर मारुतराव पाटलांनी एकदम मांडीवर थाप मारली.

"त्या अमेरिकेच्या बाईची हितं भावकी हाय का रं?"

"न्हाई."

"सोयरीक?"

"न्हाई बा."

"कुणाच्या बांधाला बांध?"

"पाटील, बांध कुठला? मधे समुद्र हाय."

"मग झाला की पाचवा पंच!"

ज्योतीराम पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात जायचा, शिफ्ट करायचा, त्यामुळं जगाची माहिती त्याच्याकडं असे. तो म्हणाला, "अहो पाटील, ती बाई मेलीय कवाची."

"मग तर लईच बेस. कुणाच्या घरी जेवायला जायची न्हाई, कुणाचा फेटा बांधून घ्यायची न्हाई. असला पंच जित्या मानसात गावायचा न्हाई."

आता नसलेल्या माणसाला बसवायचं कसं, हा प्रश्न कुरणवाडीला पडलाच नाही. घरधनीण माहेरी असली आणि पूजा अडली, तर पाटावर शेजारी सुपारी मांडून काम भागवतात, सगळ्यांनी पाहिलेलं. गुरवानं चैत्रातल्या गौरीचा पाट पुसला, तांदळाची रास घातली, वर एक गरगरीत सुपारी ठेवली. बाई अमेरिकेची, म्हणून शिंप्यानं खणाच्या तुकड्याचा टोपणाएवढा झगा शिवला. तोंड कुठल्या दिशेला करायचं यावर वाद झाला. ज्योतीराम म्हणाला, अमेरिका बरोबर आपल्या पायाखाली आहे. तेव्हा काही माणसं पटकन वहाणा काढून बाजूला झाली, आणि पाट चौरंगावर चढवला गेला.

आता सुपारीचं म्हणणं सांगायला एक बाई हवी. परक्या बाईच्या तोंडाशी पुरुषानं कान नेणं बरं दिसत नाही.

"जिला घरात गप बस म्हननारं कोन न्हाई, अशी बाई पायजे," पाटील म्हणाले.

लगेच मालोजी उठला. "मग आमच्या कुशावैनी हायेत की! त्यांच्यावानी शानी बाई वाडीत दुसरी न्हाई."

वाडी चकित झाली. कुशाबाईनं मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला तर म्हणत नाही? दीर आपलं कौतुक करतोय? तिच्या मनात आलं, कीर्तनानं माणूस पालटतो म्हणतात, ते हे असं. आणि दुसरं मन, ज्याला रोपाची काळजी होती, ते म्हणालं, पाटाशी बसलीस की वाट तुझी. ती हो म्हणाली.

"पर बाई बोलनार इंग्रजी," एका पंचानं शंका काढली. "कुशाबाईला कसं कळंल?"

"बायकांचं बायकांना कळतं," पाटील म्हणाले, आणि तो मुद्दा मिटला.

कोर्ट भरलं. पहिली फिर्याद सारजाबाईची, ज्योतीरामवर. हा शिफ्ट करून सायकलवरून यायचा, गोठ्यापुढं घंटी वाजवायचा, आणि तिची म्हैस दचकून पान्हा चोरायची.

कुशाबाईनं पाटाकडं वाकून कान नेला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग मनात म्हैस आली, तिचे टवकारलेले कान आले, आणि एकदम काही तरी उमगल्यासारखं झालं. ती वर बघून म्हणाली, "बाई म्हंत्यात, घंटी सायकलीची काढा आन् म्हशीच्या गळ्यात बांधा. स्वतःच वाजवंल तर दचकंल कशाला?"

"आन् मी वळनावर काय करू?" ज्योतीराम म्हणाला. "मानूस आडवं आलं तर?"

"तोंडानं वरडायचं."

"काकी, मी कंपनीतला मानूस..."

"बाईंस्नी कंपनी म्हाईत न्हाई."

म्हैस चौथ्या दिवशी भरभरून दूध द्यायला लागली, आणि ज्योतीराम "आलो हो, आलो हो" असं ओरडत गावात शिरू लागला. पिंपरीपर्यंत या निकालाची चर्चा गेली म्हणतात. पुढं दोघी विहिणींत एका कोंबडीवरून जुंपली; एकीची कोंबडी, अंडी दुसरीच्या गव्हाणीत. बाईंनी निकाल दिला: अंडी गव्हाणवालीची, पण कोंबडी खुडूक झाली की तिचं ओरडणंही गव्हाणवालीनंच ऐकायचं. दोघी समाधानानं घरी गेल्या. पंच सुपारीपुढं हात जोडू लागले. जाता येता बायका झग्याला हळदकुंकू लावू लागल्या. कुशाबाई रोज वाकायची, रोज तिला ऐकू यायचं. ती मनात म्हणायची, आता माझी पाळी.

आणि एका सकाळी तिनं पाटाशी बसूनच तोंड उघडलं. "पाटील, आज फिर्याद माझी हाय. मालोजीभावजींनी माझ्या रानाची वाट काट्यानं बंद केलीया."

मालोजी गर्दीतून पुढं आला. हात जोडलेले, तोंडावर साखर. "वैनी, तुमी पाटाशी बसलाय. बुवांनी काय सांगितलं दत्तजयंतीला? ज्या भांडनात आपुनच गुतलो त्याचा निवाडा बाई करत न्हाईत. खटला काढून टाकत्यात. व्हय का न्हाई, मंडळी? म्या कीर्तन ध्यान दिऊन ऐकलंय."

मंडळींनी माना डोलावल्या. कीर्तनात सांगितलेलं खोटं कसं म्हणणार?

तेव्हा कुशाबाईला कळलं, आपलं कौतुक कशासाठी झालं होतं. पाटाशी बसवून तिचं तोंडच बांधलं होतं. उठावं, तर मुक्या सुपारीचं म्हणणं सांगायला दुसरं कोण? उठू नये, तर खटलाच नाही. इकडं रोपाच्या पाती वाकायला लागलेल्या.

"वैनी," पाटील हळूच म्हणाले, कारण त्यांनाही मालोजीचा डाव आता दिसला होता, "एकडाव बाईंस्नी इचारून तरी बघा. त्या म्हन्ल्या तर आमी चौघं व्हय म्हनू."

म्हणजे दार उघडं होतं. एक शब्द. बाई म्हंत्यात वाट कुशाबाईची. एवढं म्हटलं की काटे निघणार, बैल जाणार. कुशाबाई वाकली. कान सुपारीजवळ नेला. म्हैस आली तशी, कोंबडी आली तशी गोष्ट मनात यायची वाट बघितली. पण मनात नुसता कांदा. वाफाभर, रानभर कांदा. आणि त्यामागं मालोजीला चारचौघांत खाली बघायला लावायची गोड गोड हाव.

मग पाट दोन्ही हातांनी नीट केला, झग्याला लागलेला तांदळाचा दाणा काढला आणि उठली.

"आज बाईंचा आवाज येत न्हाई, पाटील. माझाच येतुया."

आणि चौरंगाला वळसा घालून, फिर्यादी बसतात तिथं, भुईवर जाऊन बसली.

चौघे पंच सुपारीकडं बघताहेत, सुपारी झगा घालून समोर बघतेय. मालोजीच्या मिशा हलल्या. "मग खटला निकालात..."

"थांब," पाटील म्हणाले. "सांगनारी उठली. पंच बसल्याच हायेत की."

"मग माझी सरू बसंल सांगायला!"

"ती तुझी बायकू. तिला उठवायला पुन्ना कीर्तन लावावं लागंल."

लोक हसले. सरुबाई, मालोजीची बायको, बायकांच्या मागच्या रांगेत पदर पुढं ओढून आणखी लहान झाली.

भुईवरून कुशाबाई म्हणाली, "बाईंस्नी बोलता आलं न्हाई तरी बघता तर येतंय? त्यांनी जागा बघावी. फिर्यादीचं एवढंच मागनं हाय."

पाहणी! चारही पंचांचे डोळे लुकलुकले. तालुक्याचे साहेब पाहणीला येतात, मग आपल्या पंच का नाही? मालोजीही हरकत घेईना. बघू दे की सुपारीला; डोळे कुठं आहेत तिला? उलट अमेरिकेच्या बाई पहिल्यांदा बाहेर पडणार त्या आपल्या रानाकडं, हे त्याला मनातून बरंच वाटलं.

पण न्यायची कशी? हातातून नेणं बरं नाही. खिशातून तर नाहीच. कुणीतरी म्हणालं, पालखी काढा. गुरव अडून बसला. "भैरोबाच्या पालखीत सुपारी?"

"तू गनपती कशाचा मांडतूस रं?" पाटलांनी विचारलं. गुरव पालखी पुसायला लागला.

सोपानबुवा त्या दिवशी वाडीतच मुक्कामाला होते. पालखी उचलली हे ऐकल्यावर ते आंघोळ अर्धी टाकून ओल्या अंगानं टाळ घेऊन आले. पालखी निघाली म्हटल्यावर कुणाची, कुठं, हे विचारत बसणारे भक्त नव्हेत ते. मृदंग आला. मागं बायका आल्या, पोरं आली, म्हैस आपली घंटी वाजवत आली. नामाचा असा गजर झाला की चाकणच्या बाजाराला निघालेले गाडीवाले गाड्या थांबवून पाया पडले, आणि झग्यातला हा कुठला देव, हे न विचारता पुढं गेले.

पालखी मालोजीच्या रानाशी आली आणि काट्यांच्या कुंपणापुढं उभी राहिली.

"हितनंच बघा!" मालोजी ओरडला. "समदं दिसतंय!"

भोई जागीच झुलू लागले. पालखी खांद्यावर असताना थांबता येत नाही, पुढं मागं डोलावं लागतं. एक पाऊल पुढं, काट्यापर्यंत. एक पाऊल मागं. बुवांनी डोळे मिटून ताल धरला होता, त्यांना काटे दिसतच नव्हते. कुशाबाई बायकांत उभी होती. पाहणी इथंच आटोपली असं पाटील म्हणाले की संपलं.

"बरं मग," पाटील म्हणाले, कारण खरंच दुसरं काही सुचेना, "फिरवा पालखी."

भोई वळायला लागले. तेवढ्यात सरुबाई पुढं आली. कमरेवर घागर, भोयांच्या पायांवर घालायचं पाणी. पालखी आपल्या रानाशी आली तर घरच्या बाईनं पाणी घालायचंच असतं. तिनं वळणारी पालखी बघितली, आणि ज्या बाईनं नवऱ्यापुढं कधी मान वर केली नव्हती तिनं घागर भुईवर आदळली.

"माझ्या दारातनं पालखी माघारी जातीया? माझी लेकरं हायेत घरात!"

आणि तिनं दोन्ही हातांनी बाभळीची फांदी धरून ओढली. काटे बांगड्यांत अडकले. ती दुसरी ओढू लागली.

"अगं ए! सोड!" मालोजी धावला.

"तुमी धरा त्या टोकाला! बघत काय उभं ऱ्हायला? देव हाय का सुपारी हाय ते मागनं ठरवा!"

साऱ्या वाडीसमोर, टाळमृदंगात, पालखी उलटी फिरत असताना माणूस काय करणार? मालोजीनं दुसऱ्या टोकाला धरलं. फांद्या निघाल्या. पालखी डुलत डुलत आत शिरली, गाडीवाटेनं विहिरीपर्यंत गेली, तिनं कुशाबाईच्या रानाला प्रदक्षिणा घातली, आणि गुरवानं झग्याची सुपारी चारी दिशांना फिरवून दाखवली.

निकाल मात्र कुणी दिला नाही, कारण निकाल सांगणारी फिर्यादी झाली होती. कागदोपत्री म्हणाल तर खटला अजून बाईंपुढंच पडून आहे.

दुसऱ्या दिवशी मालोजी परत फांद्या घेऊन वाटेच्या तोंडाशी गेला आणि उभाच राहिला. ज्या वाटेनं पालखी गेली तिच्यावर काटा टाकायचा? एकदा गेली ती पुढच्या वर्षी त्याच तिथीला त्याच वाटेनं जायची. वाट पालखीची झाली. तो तिथं उन्हं डोक्यावर येईपर्यंत उभा होता. मग ज्योतीराम "आलो हो, आलो हो" करत तिकडून गेला आणि म्हणाला, "काय मानकरी, वाट झाडताय व्हय?" मालोजीनं फांद्या टाकल्या आणि छाती काढून म्हणाला, "व्हय. मान आमचा हाय." पुढं तो मान त्यानं असा काही मिरवला की काटे कुणी लावले होते हे त्याला स्वतःलाही आठवेना.

त्याच दिवशी कुशाबाईचे बैल रानात गेले. पालखीमागं आलेल्या बायका रोपाच्या पेंढ्या घेऊन लागणीला आल्या. सरुबाईही आली, पण तिला रोप धरता येईना. कुशाबाईनं तिचा हात उलटा केला. तळव्यात बाभळीचा काटा मोडून खोल बसला होता.

"काल सांगायचं न्हाई?" बांधावर बसून कुशाबाई पिन घेऊन काटा उकरू लागली.

"काय सांगू, आक्का? ह्ये म्हनले, वाट मीच मोकळी केली. मग माझ्या हातात काटा कुटनं येनार?"

"लई दुखतंय?"

"दुखू द्या. कुनाला बोलू नका बरं. म्हंतील, अमेरिकेची बाई सरूच्या अंगात आली. मग मला बी झगा शिवतील."

दोघी जावा इतक्या हसल्या की पिन हातातून पडली, आणि ती ढेकळांत शोधता शोधता आणखी हसल्या.

कुरणवाडीत आजही पालखी त्या वाटेनं जाते. नारळ मालोजीच्या घरचा फुटतो, अमेरिकेच्या बाईंचं नाव सगळे घेतात, नाव माहीत नसूनही. कुशाबाई पाटावरून उठली ते बुवांनी कीर्तनात घेतलं, आणि तुम्हीही ते ऐकलं असेल. सरुबाईचं नाव मात्र कुठल्याच गजरात येत नाही. आता आरतीला हात जोडाल तेव्हा तिला आठवा. तेवढं करा.